यीस्ट ही एक जात नव्हे

‘यीस्ट म्हणजे एका विशिष्ट जातीचे जिवाणू’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. यीस्ट, म्हणजेच किण्व, ही बुरशी आहे. तिच्या पेशीत स्पष्ट केंद्रक असतं, जिवाणूंच्या पेशीत ते नसतं.

दुसरी चूक, म्हणजे यीस्ट ही एकच जात आहे ही समजूत, जास्त खोलवर रुजलेली आहे. यीस्ट हे कुळाचं नाव नसून जगण्याच्या पद्धतीचं नाव आहे. जी बुरशी धाग्यांचं जाळं न विणता एकेकट्या पेशींच्या रूपात, बहुधा अंकुर फुटून वाढते, तिला यीस्ट म्हणतात. पावाचं यीस्ट सॅकरोमायसिस बुरशींच्या एका मोठ्या गटातलं, तर क्रिप्टोकॉकस नावाचं यीस्ट दुसऱ्या, चक्क अळंब्यांच्या गटातलं! कँडिडा अल्बिकन्स नावाची यीस्ट तर परिस्थितीनुसार पेशीरूप सोडून धागेही काढते. मला हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

नावांनीही गोंधळ वाढवला. ‘कॉकस’ वाचून अनेकांना गोल जिवाणू आठवतात, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ फक्त दाणा. क्रिप्टोकॉकस म्हणजे लपलेला दाणा. सॅकरोमायसिस म्हणजे साखरेची बुरशी, आणि हे नाव 1838 सालापासूनच तिला बुरशी म्हणत आलं आहे.