व्हॅम्पायर : आधुनिक कथासाहित्य व चित्रपट

मरणानंतर थडग्यातून उठून जिवंतांच्या रक्तावर जगणारे कल्पित पात्र. त्याचे मूळ पूर्व व आग्नेय युरोपातील लोकसमजुतींत असले, तरी आज परिचित असलेले त्याचे रूप गेल्या सुमारे दोनशे वर्षांत कथालेखक, नाटकमंडळ्या आणि चित्रपट यांनी घडविले आहे. मराठीत रक्तपिपासू, रक्तपिशाच ही नावे छापील मजकुरात आढळतात. बोलण्यात मात्र व्हॅम्पायर आणि त्याहूनही ड्रॅक्युला हेच शब्द अधिक आहेत. लसूण, क्रूस, आरशात न पडणारे प्रतिबिंब, छातीत ठोकलेली लाकडी मेख ही त्याची लक्षणे सर्वश्रुत असल्याने त्यांचे वर्णन येथे केलेले नाही. यांपैकी कोणते लक्षण केव्हा व कशामुळे चिकटले, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही.

लोकसमजुतीकडून कथेकडे : ऑस्ट्रियाच्या अमलाखालील सर्बियात उकरलेल्या काही प्रेतांसंबंधी १७२५ व १७३२ मध्ये अधिकाऱ्यांनी व लष्करी वैद्यांनी लिहिलेल्या अहवालांमुळे हा विषय पश्चिम युरोपात चर्चेला आला. या अहवालांतला व्हॅम्पायर खेडूत आहे. तो फुगलेला, तांबूस वर्णाचा, तोंडाशी रक्त साकळलेला असा वर्णिला आहे. प्रेत कुजताना निर्माण होणाऱ्या वायूंमुळे ते फुगते व रक्तमिश्रित द्रव तोंडावाटे बाहेर पडतो, असे स्पष्टीकरण अभ्यासक पॉल बार्बर यांनी १९८८ मध्ये तपशिलाने मांडले आणि ते आज सर्वाधिक पटणारे आहे. पॉर्फिरिया या विकाराशी व्हॅम्पायरचे नाते जोडणारा तर्क वृत्तपत्रांत बराच गाजला. पण त्या विकारात ऊन सोसत नाही हा त्याचा मुख्य आधार असल्याने, आणि उन्हाने मरणारा व्हॅम्पायर लोकसमजुतीत नसल्याने, तो तर्क मुळातच चित्रपटाचे स्पष्टीकरण देऊन बसतो.

खेडुताचा उमराव झाला तो जॉन पोलिडोरी यांच्या १८१९ सालच्या दीर्घकथेत. ती प्रथम प्रसिद्ध इंग्रज कवी बायरनच्या नावावर छापली गेली आणि त्यामुळेच युरोपभर वाचली गेली, असे मानण्यास हरकत नाही. पुढे १८४५ ते १८४७ या काळात लंडनच्या स्वस्त साप्ताहिक पुस्तिकांतून ‘व्हार्नी’ ही प्रदीर्घ मालिका निघाली, तर शेरिडन ल फानू यांच्या ‘कार्मिला’ (१८७१–७२) या कथेत व्हॅम्पायर स्त्री आहे आणि तिचे सावजही स्त्रीच आहे. पोलिडोरी यांच्या कथेत व ‘व्हार्नी’त चांदणे अंगावर पडताच मेलेला व्हॅम्पायर पुन्हा जिवंत होतो. हे लक्षण नंतर जवळजवळ विसरले गेले.

ड्रॅक्युला व व्लाद यांचा प्रश्न : ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक, किंबहुना प्रतिनायक, हा पंधराव्या शतकातील वालाचियाचा (आताच्या रुमानियातील एका प्रदेशाचा) राजा तिसरा व्लाद याच्यावर बेतलेला आहे, असे सर्रास लिहिले जाते. या मताला खरा जोर रेमंड मॅकनॅली व राडू फ्लोरेस्कू यांच्या १९७२ च्या ग्रंथामुळे आला. पुढे स्टोकर यांच्या हस्तलिखित टिपणांचा अभ्यास झाल्यावर चित्र पालटले. ही टिपणे १८९० पासूनची असून ती फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. त्यांत सरदाराचे आधीचे नाव ‘काउंट वाम्पिर’ असे असून कथेचे स्थळही प्रथम ऑस्ट्रियातील स्टिरिया, म्हणजे ‘कार्मिला’चाच प्रदेश, हे होते. ड्रॅक्युला हे नाव स्टोकर यांना इंग्लंडमधील व्हिटबी येथील वाचनालयात विल्यम विल्किन्सन यांच्या १८२० च्या पुस्तकात सापडले. तेथील तळटीपेत वालाचियन भाषेत त्याचा अर्थ ‘सैतान’ असा दिला आहे आणि स्टोकर यांनी नेमका तोच मजकूर उतरवून घेतला. ट्रान्सिल्व्हेनियातील समजुती त्यांनी एमिली जेरार्ड यांच्या १८८५ च्या लेखातून घेतल्या. माणसांना सुळावर चढविणाऱ्या व्लादचा उल्लेख टिपणांत नाही. कादंबरीतला सरदार स्वतःला सेकेली, म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियातील हंगेरियन भाषिक जमातीचा, म्हणवतो, जो व्लाद नव्हता; उलटपक्षी तुर्कांशी लढलेला व्होइव्होड (तेथील राजाची पदवी) हाच असावा, असे ड्रॅक्युलाचा पाठलाग करणाऱ्या प्रा. व्हॅन हेल्सिंगच्या तोंडी एक वाक्य आहे. अभ्यासक एलिझाबेथ मिलर यांनी या सर्वांवरून काढलेला निष्कर्ष असा, की स्टोकर यांनी नाव व इतिहासाचा एखाददुसरा धागा घेतला, व्यक्ती घेतली नाही. उपलब्ध पुराव्याशी हाच निष्कर्ष अधिक जुळतो. हंगेरियन पंडित आर्मिन व्हाम्बेरी यांनी स्टोकर यांना माहिती पुरविली हे मतही पुराव्याअभावी मागे पडले आहे. चित्रपटांनी मात्र व्लाद सोडला नाही. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या १९९२ च्या चित्रपटाची सुरुवातच त्याच्या रणांगणातून होते.

सूर्यप्रकाश : उन्हात व्हॅम्पायर भस्म होतो हे आज त्याचे सर्वांत पक्के लक्षण समजले जाते. स्टोकर यांचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या पिकॅडिलीत हिंडतो. दिवसा त्याची शक्ती मर्यादित असते, एवढेच. त्याचा शेवटही मेखेने होत नाही. सूर्यास्ताच्या क्षणी जोनाथन हार्करची कुकरी त्याच्या गळ्यावरून फिरते आणि क्विन्सी मॉरिसचा बोवी सुरा त्याच्या छातीत शिरतो. हिंदुस्थानातल्या गुरखा पलटणींमुळे इंग्रजांना ठाऊक झालेले कुकरी हे हत्यार हार्करसारख्या इंग्रज वकिलाच्या हाती असावे, याकडे मराठी वाचकाचे लक्ष जावे.

उन्हाने येणारा मृत्यू प्रथम ठळकपणे दिसतो तो एफ. डब्ल्यू. मुर्नाउ यांच्या ‘नोस्फेरातु’ (१९२२) या जर्मन मूकपटात. तो लोकसमजुतीतूनच आला असे म्हणणारे कोंबड्याच्या आरवण्याकडे बोट दाखवतात, आणि ते अगदी निराधार नाही. चित्रपटातल्या पाटीवरही पहिला कोंबडा आरवेपर्यंत एका निष्पाप स्त्रीने त्याला गुंतवून ठेवावे असे सांगितले आहे. परंतु कोंबडा आरवला की भूत परतते, नष्ट होत नाही. त्याला धुरासारखे विरघळवणे ही चित्रपटाचीच भर दिसते. येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी लागते. त्या काळच्या फिल्मवर रात्रीचे चित्रण अवघड असल्याने बरीचशी रात्रीची दृश्ये उन्हात टिपून मग त्या पट्ट्या निळ्या रंगात बुडविल्या जात; दिव्याच्या उजेडासाठी पिवळा व पहाटेसाठी गुलाबी रंग वापरला जाई. स्टोकर यांच्या पत्नीने लेखाधिकाराचा दावा जिंकल्यावर १९२५ मध्ये प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. ज्या प्रती उरल्या त्यांतून पुढे अनेक वर्षे रंगाविना काळ्या-पांढऱ्या प्रती फिरत राहिल्या. परिणामी ज्याला ऊन बाधते तोच या चित्रपटातला व्हॅम्पायर काउंट ऑरलॉक लख्ख उन्हात काखोटीला शवपेटी मारून गावातून चालताना दिसतो, आणि काही समीक्षकांनी यात विसंगती शोधली. रंगांसह सिद्ध केलेल्या पुढच्या प्रतींत ती उरत नाही. १९४३ च्या दोन अमेरिकी चित्रपटांनी व १९५८ च्या ब्रिटिश ‘ड्रॅक्युला’ने हे लक्षण रूढ केले, शेवटच्यात व्हॅन हेल्सिंग धावत जाऊन पडदा ओढून काढतो आणि दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रूस करून ड्रॅक्युलाला उन्हाच्या पट्ट्यात रेटतो.

पोशाख व दात : उंच कॉलरचा काळा झगा कादंबरीतला नसून रंगभूमीवरचा आहे. हॅमिल्टन डीन यांच्या १९२४ च्या नाट्यरूपांतराच्या परंपरेत ही कॉलर आली. प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या नटाचे डोके तिच्याआड झाकले जाई व तो रंगमंचावरील झडपेतून निसटून ‘अदृश्य’ होई, असे सांगितले जाते. बेला लुगोसी यांनी नाटकातला हा वेश १९३१ च्या हॉलिवूडपटात नेला. त्यांच्या तोंडात सुळे दिसत नाहीत. ऑरलॉकचे दात उंदरासारखे पुढचे होते. टोकदार सुळे १९५३ च्या तुर्की व १९५७ च्या मेक्सिकन चित्रपटात येऊन गेले होते, पण जगभर ओळख झाली ती १९५८ च्या रंगीत चित्रपटातील क्रिस्टोफर ली यांच्यामुळे.

युद्धोत्तर बदल : रिचर्ड मॅथेसन यांच्या १९५४ च्या कादंबरीत व्हॅम्पायर होणे हा जंतूमुळे होणारा रोग आहे आणि उरलेला एकमेव निरोगी माणूसच नव्या समाजाच्या दृष्टीने दंतकथेतला राक्षस ठरतो. पुढील झाँबीपटांचे बीज येथे आहे. कथनाचा सूर बदलला तो सत्तरच्या दशकात. व्हॅम्पायरने स्वतःची कैफियत टेपरेकॉर्डरसमोर सांगावी, ही युक्ती सहसा ॲन राइस यांच्या १९७६ च्या कादंबरीच्या नावे जमा होते. वस्तुतः फ्रेड सेबरहेगन यांनी ती आदल्या वर्षीच ‘द ड्रॅक्युला टेप’मध्ये वापरली होती. पश्चात्ताप, एकटेपणा व अमरत्वाचा कंटाळा ही जोड मात्र राइस यांचीच. योन आय्विदे लिंडक्विस्ट यांच्या स्वीडिश कादंबरीत (२००४, चित्रपट २००८) जुन्या नियमाची कसोटी घेतली आहे : बोलावल्यावाचून व्हॅम्पायर उंबरा ओलांडत नाही हे सर्वांना माहीत असते, पण ओलांडला तर काय होते? व्हॅम्पायर असलेली एली न बोलावता ऑस्कर या मुलाच्या घरात पाऊल टाकते आणि तिच्या कातडीतून, डोळ्यांतून रक्त झिरपू लागते. स्टॉकहोमच्या उपनगरातल्या साध्या सदनिकेत घडणारा हा प्रसंग या प्रकारातील उत्तम प्रसंगांपैकी एक मानावा लागेल. त्याच सुमारास ‘ट्वायलाइट’ मालिकेत (२००५ पासून) उन्हात व्हॅम्पायरची कांती केवळ चमकते. तिच्या लोकप्रियतेबद्दल अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

मुंबईतील हिंदी चित्रपट : मुंबईत भयपट हा धंदा म्हणून उभा राहिला तो रामसे कुटुंबामुळे. फतेहचंद उत्तमचंद रामसे फाळणीनंतर कराचीहून आले. त्यांचे रेडिओचे दुकान लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर होते. त्यांनी काढलेल्या १९७० च्या एका अपयशी चित्रपटात पृथ्वीराज कपूर सैतानी मुखवटा चढवून चोरी करतात. प्रेक्षक तेवढ्याच दृश्याला दाद देतात हे मुलांच्या लक्षात आले आणि त्यातून भयपटाची कल्पना निघाली, असे कुटुंबातर्फे सांगितले गेले आहे. तुलसी व श्याम दिग्दर्शन करीत, गंगू छायाचित्रण, कुमार लेखन, किरण ध्वनी, अशी सात भावांत कामाची वाटणी होती. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला चित्रित झाला.

रामसे बंधूंवर लंडनच्या हॅमर कंपनीच्या भयपटांचा प्रभाव उघड आहे, तरीही त्यांच्या चित्रपटांत निखळ व्हॅम्पायर विरळाच. ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सामरी हा शिरच्छेद झालेला नरराक्षस आहे, त्याचे शिर त्रिशूळाच्या पहाऱ्यात पेटीत बंद आहे. ‘वीराना’तील (१९८८) चेटकीण कार्मिलापेक्षा आपल्याकडच्या हडळीला जवळची आहे. ‘बंद दरवाजा’ (१९९०) हा मात्र सरळ ड्रॅक्युलाचा वंशज ठरतो. काली पहाडीवरचा नेवला वटवाघूळ होतो, शवपेटीत झोपतो व रक्त पितो. पण कथेचे सूत्र निराळे आहे. मूल नसलेली ठकुराईन त्याच्याकडे जाते आणि मुलगी झाली तर ती त्याला देण्याच्या बोलीवर तिची कूस उजवते. स्टोकर यांच्या कादंबरीत परका उमराव घरात शिरतो, तर येथे घरातलेच कोणी नवस बोलून संकट ओढवून घेते, आणि ही नवसाची चौकट मराठी वा हिंदी प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. क्रूसाच्या जोडीला वा जागी त्रिशूळ व ॐ येणे ही त्यामानाने वरवरची बाब होय.

व्हॅम्पायर येथे फारसा रुजला नाही, याचे कारण दहनसंस्कारात शोधले जाते. जाळलेल्या देहाला थडगे नसते, म्हणून हिंदी चित्रपटाला हवेली, तळघर आणि शापित पूर्वज यांची सोय करावी लागली. हे कारण अर्धेच पटते. लाहोरच्या ‘जिंदा लाश’मध्ये (१९६७) दफनाची अडचण नव्हती, तरीही तेथे शाप काढून टाकून त्या जागी अमरत्वाचे रसायन पिणारा प्राध्यापक आणावा लागला. अडचण थडग्याची कमी आणि ख्रिस्ती पापकल्पनेची अधिक होती, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

स्टार वन वाहिनीवरील ‘प्यार की ये एक कहानी’ (२०१०–११) या मालिकेत महाविद्यालयीन व्हॅम्पायर नायक आला. आदित्य सरपोतदार यांनी मराठीत ‘झोंबिवली’ (२०२२) व हिंदीत कोकणातल्या भुतावर ‘मुंज्या’ (२०२४) केल्यानंतर २०२५ च्या दिवाळीत ‘थामा’ प्रदर्शित केला. त्यातली रक्त पिणारी जमात वेताळांची आहे.

वेताळ व व्हॅम्पायर : या दोहोंची सांगड रिचर्ड बर्टन यांच्या १८७० च्या इंग्रजी रूपांतराने घातली. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त (अकरावे शतक) वेताळ शिंशपा वृक्षावर लटकणाऱ्या परक्या प्रेतात शिरतो व राजा त्रिविक्रमसेनाला कूटप्रश्न घालतो, रक्त हा त्याचा आहार नाही, बोलणे हा त्याचा स्वभाव आहे. कोकणात वेताळ हे अनेक गावांचे ग्रामदैवत असून त्याला कौल लावला जातो. ए. एम. टी. जॅक्सन यांच्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केलेल्या कोकणविषयक संग्रहात भुतांचे पुष्कळ प्रकार नोंदले आहेत. मुंजा, हडळ, समंध, खवीस यांतील प्रत्येकाची काही अपुरी इच्छा असते व ती भागवून त्याला शांत करता येते. व्हॅम्पायरला भुकेखेरीज मागणे नसल्याने देवऋषीच्या व्यवहारात त्याला जागा नाही.

मराठी कथासाहित्य : नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर (१९७५) बेतलेली आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांचा कल मनाच्या भीतीकडे असल्याने त्यांत या पात्राला वाव कमी आहे. धारपांच्या इतर कथांत अमानवी शक्तीशी सामना करतो तो बहुधा साधनेचे बळ असलेला समर्थ. स्टोकर यांच्या डॉक्टर, वकील व सरदारपुत्र यांच्या मंडळीसारखा, रोजनिशा व तारा जुळवून शोध लावणारा गट मराठी भयकथेत क्वचितच आढळतो.