दख्खनी पाल आणि ‘गेकोएला’ या नावाचा गुंता

उत्तर सह्याद्रीच्या जंगलांत पावसाळ्याच्या तोंडावर, रात्री पालापाचोळ्यात फिरताना दिसणारी दख्खनी पाल शास्त्रीय नोंदीत आली ती १८६४ साली. मूळ ठिकाण म्हणून तेव्हा नुसते ‘दख्खन’ एवढेच लिहिले गेले; प्रत्यक्षात पठारावरच्या उघड्या माळापेक्षा घाटातली सावलीची राने हेच तिचे घर आहे. भिंतीवरच्या पालीच्या बोटांना असते तशी चिकटणारी गादी हिला नसते, केवळ नखे असतात. म्हणूनच ‘उघड्या बोटांची’ अशा अर्थाच्या जिम्नोडॅक्टिलस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या नात्यातील जातींच्या गटात, तिला घालण्यात आले.

खरा गुंता ‘गेकोएला’ या नावाचा आहे. श्रीलंकेतील जमिनीवरच्या पालीसाठी १८६७ साली सुचवलेले हे नाव दीर्घकाळ अडगळीत पडले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनी पाल आणि तिच्या नातलग पालींसाठी पुन्हा वापरात आले. २०१२ साली जनुकीय अभ्यासातून असे दिसले की, या पाली सिर्टोडॅक्टिलस, म्हणजे वाकड्या बोटांच्या पालींच्या, वंशवृक्षातच एका फांदीवर बसतात. त्यांना वेगळे काढले, तर मागे उरणारा गट एका पूर्वजाची सर्व संतती सामावणारा राहत नाही. त्यामुळे गेकोएलाचे स्थान प्रजातीवरून उपप्रजातीवर, म्हणजे सिर्टोडॅक्टिलस प्रजातीतील एका पोटगटावर, आले. (वर्तमानपत्री मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द जातीसाठीही वापरतात, त्यामुळे या बदलाच्या बातम्या वाचताना गोंधळ वाढतो.) नात्यांचा विचार करता हा निर्णय योग्यच होता, परंतु उपप्रजाती म्हणून नाव टिकवणे तितकेच गरजेचे होते, कारण तीनशेहून अधिक जातींच्या त्या पसाऱ्यात जमिनीवर राहण्याकडे वळलेली, द्वीपकल्पीय भारत आणि श्रीलंकेपुरती असलेली ही शाखा एरवी नजरेआड झाली असती.

त्यानंतर जातींच्या सीमाही नव्याने तपासल्या गेल्या. दख्खनी पालीचीच पोटजात म्हणून अनेक याद्यांत वावरलेली, १८८५ साली वर्णिलेली पांढऱ्या पट्ट्यांची दक्षिणेकडील पाल आता स्वतंत्र जात मानली जाते, तर २०१६ साली पश्चिम व मध्य भारतातून आणखी एका जातीचे वर्णन झाले. पूर्व घाटातील जेपोर पाल तर १८७७ साली एकाच नमुन्यावरून वर्णिली गेली होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनी, ओडिशा आणि आंध्रच्या डोंगरांत, ती पुन्हा जिवंत सापडली.