पाणी न काढता घट्ट होणारा सिरॅमिकचा घोळ

सिरॅमिक म्हटलं की आपल्याला कप-बशी आठवते, फार तर बाथरूमचं कमोड. पण पंपाचे सील, नोझल, गॅस टर्बाइनची चाकं असे मशीनचे पार्ट सिरॅमिकचे बनवायचे म्हणजे वेगळंच प्रकरण आहे, कारण अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, अशा पार्टचा नेहमीचा सिरॅमिक माल) एकदा भट्टीत भाजून पक्का झाला की त्याला कापायला हिऱ्याचं टूल लागतं आणि ते काम भयंकर महाग पडतं. म्हणून जो काय आकार द्यायचा तो माल कच्चा असतानाच द्यायचा, आणि त्यासाठी जेलकास्टिंग नावाची जी पद्धत आहे ती मला मनापासून आवडते.

जुनी पद्धत अशी की पावडरचा पाण्यात कालवलेला घोळ प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओतायचा, प्लास्टर पाणी शोषतं आणि भिंतीला थर धरतो. पातळ वस्तूला हे झकास चालतं. पण उरलेल्या पाण्याला जमलेल्या थरातूनच वाट काढावी लागते, त्यामुळे थर दुप्पट जाड हवा असेल तर वेळ चौपट लागतो.

१९८० च्या दशकाच्या शेवटाला अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीत मार्क जॅनी आणि ओगबेमी ओमाटेटे यांनी याच्या उलट केलं, पाणी काढायचंच नाही, आहे तिथेच अडकवायचं, हेच जेलकास्टिंग. घोळात मोनोमर, म्हणजे एकमेकांना जोडले जाणारे छोटे रेणू, आधीच विरघळवलेले असतात, ओतायच्या आधी इनिशिएटर (ही जोडणी सुरू करून देणारं रसायन) टाकला की थोड्या वेळात ते एकमेकांना जोडून पॉलिमरचं जाळं तयार होतं आणि पावडरचा कण न् कण जिथल्या तिथे पकडला जातो. साचा पाणी पिणारा नसला तरी चालतो, काचेचा घ्या नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा, आणि जाड-पातळ सगळा भाग जवळपास एकाच वेळी घट्ट होतो. एक भानगड हवेतल्या ऑक्सिजनची, तो ही रिअ‍ॅक्शन अडवतो आणि उघडी बाजू चिकट राहते, म्हणून वर नायट्रोजन सोडतात.

पण खरी करामत घोळातच आहे असं माझं मत. निम्मं आकारमान पावडरचं, म्हणजे एक लिटर घोळात अ‍ॅल्युमिना जवळपास दोन किलो आणि पाणी फक्त अर्धा लिटर, तरी तो साच्याच्या कानाकोपऱ्यात वाहत गेला पाहिजे. एवढी पावडर नुसत्या पाण्यात घातली तर गोळाच होईल. थोडासा डिस्पर्संट टाकला की तो कणांवर जाऊन बसतो, सगळ्यांवर सारखाच चार्ज येतो, कण एकमेकांना ढकलत राहतात आणि बॉल मिलमधून (गोळ्यांनी घुसळणाऱ्या फिरत्या पिंपातून) निघालेला घोळ मस्त धार धरून पडतो.

साच्यातून काढलेला पार्ट ओला असतो आणि आता ते अडकवलेलं पाणी बाहेर काढायचंय, इथे घाई केली की सगळं गेलं. नागपूरच्या चितारओळीतल्या कोणत्याही मूर्तिकाराला विचारा, ओली मूर्ती उन्हात ठेवली की तडे जाणारच, कारण बाहेरचं अंग आधी आकसतं आणि आतलं अजून ओलंच असतं. जेलचंही तसंच, म्हणून सुरुवातीला ९० टक्क्यांच्या वर दमट हवेत वाळवतात. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला आणि हवा एकदम कोरडी, तेव्हा असा पार्ट टेबलावर उघडा ठेवणं म्हणजे तो वाकडा होणार नाहीतर फुटणार हे ठरलेलंच, बंद डबा आणि ओलं फडकं तरी हवंच. दुसरा उपाय म्हणजे पार्ट पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात बुडवून ठेवायचा, ते पाणी ओढून घेतं.

वाळलेल्या पार्टमध्ये पॉलिमर वजनाने २ ते ४ टक्केच असतो, तरी तो इतका दणकट होतो की लेथवर धरून ड्रिल मारता येतं. मग पॉलिमर हळूहळू जाळून टाकायचा आणि १६०० अंशांच्या आसपास भाजायचा. भाजताना १०० मिलिमीटरचा पार्ट साधारण ८२ वर येतो, त्यामुळे साचा आधीच त्या हिशोबाने मोठा करावा लागतो.

सुरुवातीला वापरलेला मोनोमर अ‍ॅक्रिलामाइड होता आणि तो मज्जासंस्थेला विषारी आहे, कातडीतूनसुद्धा आत जातो. पुढे मेथॅक्रिलामाइड आला, शिवाय जिलेटिन, समुद्री शेवाळातून मिळणारे अगार आणि अल्जिनेट अशा नैसर्गिक जेलवरही भरपूर काम झालंय. इंजिनिअरिंगच्या पोरापोरींना प्रोजेक्टसाठी करून बघायचं असेल तर माझं कळकळीचं सांगणं, अ‍ॅक्रिलामाइडच्या वाटेला जाऊ नका, अगार घ्या. ते गरम पाण्यात विरघळवायचं, घोळही ६० अंशांच्या आसपास गरम ठेवायचा म्हणजे मिसळतानाच गोठत नाही, आणि साच्यात ४० च्या खाली आला की आपोआप धरतो. कोरडी पावडर हाताळताना मास्क मात्र लावा.