जिंदाइजी: टोकियोच्या पश्चिमेला झऱ्यांवर जगलेलं गाव

टोकियोत राहणारे मराठी लोक रविवारी जवळपास कुठे जायचं असं विचारतात तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं, चोफूला जा आणि तिथून बसने जिंदाइजीला. शिंजुकूहून केइओ लाइनची फास्ट गाडी पकडली तर पंधरा-वीस मिनिटांत चोफू येतं, आणि पूर्व टोकियोत फुनाबोरीच्या बाजूला राहणाऱ्यांना तर अजूनच सोपं, कारण तोएई शिंजुकू लाइनच्या काही गाड्या थेट पुढे केइओवर जातात. चोफू तसं साधं उपनगर आहे, अपार्टमेंट, सायकली, शाळा, सुपरमार्केट. पण बसने जरा उत्तरेला गेलं की एकदम उंच झाडं, गवताने शाकारलेला देवळाचा दरवाजा, सोबाची, म्हणजे कुट्टूच्या शेवयांची, वीसेक दुकानं आणि जिकडे जाल तिकडे वाहत्या पाण्याचा आवाज. फोटो सगळेच काढून आणतात. हे गाव असं का आहे ते मात्र फारसं कोणी सांगत नाही, म्हणून ही पार्श्वभूमी लिहायला घेतली.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. टोकियोचा पश्चिम भाग म्हणजे मुसाशिनो पठार, वर ज्वालामुखीच्या राखेची तांबूस माती आणि खाली गोट्यांचा, वाळूचा थर. जुन्या काळी तामा नदीने हे पठार कापत नेलं आणि मागे एक लांबच लांब कडा उरला, त्याला कोकुबुंजी कडा म्हणतात, आणि तिथले लोक अशा जागेला म्हणतात ‘हाके’. पठारावर पडलेला पाऊस राखेच्या मातीतून मुरतो, गोट्यांच्या थरात उतरतो आणि कड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतो. म्हणजे वर राहणाऱ्याला पाण्याची टंचाई आणि खाली राहणाऱ्याच्या दारात बारमाही पाणी. या भागाचा पुढचा सगळा इतिहास मला तरी या एका फरकातून निघालेला दिसतो.

चोफू हे नावच बघा. ‘चो’ हा जुन्या जपानमधला एक कर, जो धान्यात नाही तर त्या त्या भागात तयार होणाऱ्या मालात द्यायचा, आणि ‘फू’ म्हणजे कापड. मुसाशी प्रांताची राजधानी शेजारीच फुचूला होती, आणि इथले लोक तागासारख्या झाडाच्या धाग्याचं कापड विणून, तामा नदीच्या पाण्यात धुऊन, उन्हात पांढरं करून कर म्हणून भरायचे. मान्योशू या आठव्या शतकातल्या काव्यसंग्रहात तामा नदीत कापड धुण्यावर एक प्रेमाचं लोकगीत आहे, त्यात पाण्याच्या आवाजावर शब्दांचा खेळ केलाय. आजही चोफूत फुदा म्हणजे कापडाचं शेत आणि सोमेची म्हणजे रंगाऱ्यांची जमीन अशी वस्त्यांची नावं आहेत. तिथे फ्लॅट घेणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल देव जाणे.

आता देऊळ. परंपरेप्रमाणे जिंदाइजीची स्थापना 733 साली मानकू नावाच्या भिक्षूने केली, आणि त्याच्या आईवडिलांची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. बाहेरून आलेला फुकुमान नावाचा तरुण आणि गावच्या मुखियाची मुलगी यांचं प्रेम जमलं, घरच्यांना ते पसंत नव्हतं म्हणून त्यांनी मुलीला तळ्यातल्या बेटावर नेऊन ठेवलं. फुकुमानने जिंजा दाइओ या देवाला साकडं घातलं, तेव्हा पाण्यातून एक कासव आलं आणि त्याला पाठीवर बसवून बेटावर घेऊन गेलं. हे बघून घरचे वरमले आणि लग्न लावून दिलं. त्यांचा मुलगा तो मानकू, आणि त्याच देवावरून देवळाचं नाव पडलं जिंदाइजी. लग्न जमावं म्हणून जोडपी आणि एकटे लोकही आजपर्यंत इथे येतात ते या गोष्टीमुळेच.

पण हा जिंजा दाइओ कोण? हे कळलं तेव्हा मी अक्षरशः थांबून परत वाचलं. आपण शाळेत ज्या ह्युएन त्संगबद्दल वाचलं, जो इ.स. 641 च्या सुमारास पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला आणि तिथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं लिहून गेला, तो भारताकडे येताना वाळवंटात पाण्यावाचून मरायला टेकला होता आणि त्या वेळी ज्या देवाने त्याला वाचवलं अशी श्रद्धा आहे तोच हा देव. वाळूच्या वाळवंटातला रक्षक, चीनमार्गे जपानला पोचला आणि इथे झऱ्याकाठी बसला तो पाण्याचा देव म्हणून. आपल्याकडे येणाऱ्या प्रवाशाला सांभाळणारा देव टोकियोच्या उपनगरात भेटतो ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

अजून एक धागा आहे. 859 साली हे देऊळ तेंदाई पंथाकडे गेलं, आणि तेंदाई आणि शिंगोन पंथांच्या भिक्षूंनी सिद्धम् लिपी जपानमध्ये जपली, जी आपल्या नागरीसारखीच गुप्तकाळातल्या ब्राह्मीतून निघालेली. दर वर्षी 3 आणि 4 मार्चला इथे दारुमाचा मोठा बाजार भरतो, दारुमा म्हणजे बोधिधर्म, तो लाल गोल बाहुला. बाकी ठिकाणी नवस बोलून डोळ्यात नुसता काळा ठिपका काढतात, इथे मात्र भिक्षू ब्रशने डाव्या डोळ्यात सिद्धम् ‘अ’ लिहून देतात आणि इच्छा पूर्ण झाली की उजव्यात ‘हूं’, म्हणजे आरंभ आणि शेवट. जपानी मुलं ‘आ-इ-उ-ए-ओ’ आणि मग ‘का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा’ असं घोकतात ना, तो क्रमसुद्धा याच अभ्यासातून आलाय. ‘सा’च्या जागी च आणि ‘हा’च्या जागी प ठेवून म्हणून बघा, जुन्या जपानीत त्यांचा उच्चार तसाच होता असं अभ्यासक मानतात, म्हणजे आपली वर्णमालाच झाली.

देवळाने आगी बऱ्याच पाहिल्या. 1865 च्या आगीत जवळपास सगळं गेलं. 1695 चा तो गवताच्या छपराचा दरवाजा वाचला म्हणून आज आपल्याला दिसतो, मुख्य मंदिर मात्र विसाव्या शतकात परत बांधलेलं आहे. आणि 1909 साली आवारातल्याच एका मंदिरात वेदीच्या खाली एक ब्राँझची बुद्धमूर्ती सापडली, सातव्या शतकाच्या शेवटची, खुर्चीवर बसल्यासारखी पाय खाली सोडून बसलेली, चेहरा एखाद्या शांत पोरासारखा. म्हणजे देवळाच्या स्थापनेच्या सालापेक्षाही जुनी. 2017 मध्ये तिला राष्ट्रीय संपत्तीचा दर्जा मिळाला. घाई न करता बघा ही मूर्ती, खरंच सांगते.

सोबाची गोष्ट परत पाण्याकडेच येते. पठारावर भातशेती शक्य नव्हती, राखेच्या मातीत पाणी टिकत नाही. त्यामुळे एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, शेतकरी सोबा पिकवायचे, म्हणजे आपण ज्याला कुट्टू म्हणतो ते, अडीच महिन्यात हाताशी येणारं आणि हलक्या जमिनीत तग धरणारं. तांदळाऐवजी तेच धान्य देवळात जायचं, भिक्षू त्याच्या शेवया करून पाहुण्यांना वाढायचे, आणि एदोतल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, कानेइजी या मोठ्या देवळाच्या महंतांना ती चव आवडली आणि तिथून नाव सगळीकडे झालं असं सांगतात. झऱ्याच्या पाण्यावर चक्की चालायची आणि उकडलेला सोबा त्याच गार पाण्यात धुवायचा. सोबा गरम पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात धुतला नाही तर तो चिकट होतो, म्हणून चांगलं पाणी ही इथे निम्मी रेसिपी आहे. आपल्या शाकाहारी मंडळींसाठी सांगते, सोबा दिसायला शाकाहारी असला तरी सोबतच्या त्सुयूमध्ये, म्हणजे सोबा बुडवून खायच्या पातळ रश्शात, बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो, ऑर्डर देण्याआधी विचारा. आणि शेवटी सोबा उकडलेलं पाणी, सोबायू, आणून देतात ते उरलेल्या त्सुयूत घालून प्यायचं असतं, बाजूला सारू नका.

मग हे गाव उपनगर कधी झालं? 1913 मध्ये केइओची पहिली लाइन सासाझुकाहून चोफूपर्यंत आली, आणि 1916 मध्ये नदीपर्यंत फाटा टाकला तो प्रवाशांपेक्षा तामा नदीतली खडी वाहून न्यायला, टोकियोच्या बांधकामांसाठी. 1940 मध्ये टोकियोभोवती मोठ्या हिरव्या मोकळ्या जागा राखायचं ठरलं त्यात जिंदाइ होतं, आणि युद्धाच्या काळात ती जागा हवाई हल्ल्यापासून बचावाची समजली गेली. 1941 मध्ये चोफू विमानतळ सुरू झाला, तिथून लढाऊ विमानं उडायची, त्यांची काँक्रीटची आडोशाची घरं मुसाशिनो-नो-मोरी पार्कमध्ये अजून उभी आहेत. शिन्सेनगुमी या शोगुनच्या बाजूने लढलेल्या सामुराई पथकाचा प्रमुख कोंदो इसामी इथल्याच कामी-इशिहारा गावचा, 1834 चा जन्म, त्याचं घर या विमानतळासाठी पाडलं गेलं, आता त्या घराची फक्त विहीर उरली आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने इथे आपल्या लोकांच्या सॅलडसाठी मातीशिवाय भाजी पिकवणारं मोठं फार्म चालवलं. राखलेल्या हिरव्या जागेतली बरीच जमीन युद्धानंतर शेतकऱ्यांना वाटली गेली, उरलेल्या भागात शहराच्या रस्त्यांना लागणारी झाडं वाढवायचे, आणि 1961 मध्ये त्याचंच जिंदाइ बोटॅनिकल पार्क झालं, गुलाबांसाठी प्रसिद्ध. बागेला लोक यायला लागले तशी देवळाभोवती सोबाची दुकानंही वाढली. म्हणजे आज जी शांतता आपण एंजॉय करतो तिच्यात कर, युद्ध आणि सरकारी नकाशे असं सगळं मिसळलेलं आहे.

झऱ्यांची मात्र काळजी वाटते. पठारावर घरं आणि डांबर वाढलं की पाऊस मुरायचा कुठे? शेजारच्या कोगानेईत घराच्या पन्हाळीचं पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरवणारे छोटे खड्डे हजारो घरांनी बसवलेत, मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण कड्याचं पाणी कुठल्या एका गावाचं नाहीच. तुम्हाला पाणी जोरात वाहताना बघायचं असेल तर जूनचा पावसाळा संपत आल्यावर जा, आणि नवा सोबा खायचा असेल तर नोव्हेंबरमध्ये. सोमवारी नको, बोटॅनिकल पार्क बंद असतं.