यंत्र तेच, कार्यप्रणाली नवी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य चालते संगणक एकाएकी जुने ठरले. नागपुरात महालातल्या आमच्या घरी असाच एक लॅपटॉप होता. त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) बसवली, आणि हे शक्य का होते ते त्या निमित्ताने नीट समजून घेतले.

संगणकाचे बटण दाबल्यावर सर्वप्रथम जागा होतो तो मदरबोर्डवरील, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट-पट्टीवरील, चिपमध्ये कायमचा साठवलेला एक छोटा प्रोग्रॅम, आणि तो कोणत्याही कार्यप्रणालीचा भाग नसतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे बायोसमध्ये, हा प्रोग्रॅम डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतो. त्यांपैकी ४४६ बाइटांत पुढचा प्रोग्रॅम सुरू करण्याच्या सूचना असतात, तर ६४ बाइटांत डिस्कच्या विभागांचा नकाशा असतो. प्रत्येक नोंदीला १६ बाइट लागत असल्यामुळे तिथे चारच मुख्य विभाग मावत. नव्या यूईएफआय पद्धतीत कार्यप्रणाली सुरू करणारा हा पुढचा प्रोग्रॅम डिस्कवरच्या एका लहान स्वतंत्र विभागात फाइलच्या रूपात असतो. दोन्ही पद्धतींत पुढे विंडोज उभी राहते की लिनक्स, याच्याशी त्या चिपला कर्तव्य नसते, आणि म्हणूनच यंत्र तेच ठेवून कार्यप्रणाली बदलता येते.

बदलताना विभागांचा नकाशा नव्याने लिहिला जातो. जुनी माहिती त्या क्षणी पुसली जातेच असे नाही, परंतु तिच्यापर्यंत नेणारी वाट मोडते, आणि एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, तर मोकळ्या ठरलेल्या जागा डिस्क स्वतःच लवकर साफ करू शकते. त्यामुळे फायलींची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घेणे अपरिहार्य आहे. लिनक्स प्रथम पेनड्राइव्हवरून, केवळ रॅमच्या आधारे चालवून पाहता येते. वाय-फाय, ध्वनी आणि छपाई चालते का, हे डिस्कला हात न लावता तेव्हाच कळते.

मराठी माणसाची खरी अडचण मात्र फॉन्टची असते. वडिलांनी वसाहतीच्या सभांची इतिवृत्ते कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टंकलेली होती, आणि नव्या प्रणालीत ती उघडताच पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटली. फाइल बिघडलेली नव्हती. कृतिदेव ‘क’ साठी इंग्रजी ‘डी’चाच संकेतांक साठवतो आणि त्यावर देवनागरीचे चित्र चढवतो, ते चित्र पुरवणारा फॉन्ट नव्या प्रणालीत नव्हता, एवढेच. युनिकोड या जगभरातल्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीत ‘क’ला स्वतःचा संकेतांक आहे, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी अक्षर ‘क’च राहते.

मी त्या फायली युनिकोडमध्ये रूपांतरित केल्या. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. हा क्रम रूपांतरकाने अचूक बदलला. रफार मात्र काही ठिकाणी भलत्याच अक्षरावर बसले होते, ते वडिलांनी शेजारी बसून एकेक करून दुरुस्त करवून घेतले.