पोटातल्या बॅक्टेरियांचंही वय असतं

अंगणवाडीताई बाळाच्या दंडाला जी रंगीत पट्टी गुंडाळतात ती कधी जवळून बघा. हिरवा, पिवळा, लाल. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराच्या दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली आला की लाल, म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण, आणि 11.5 ते 12.5 च्या मधे असला की पिवळा, म्हणजे मॅम, मध्यम कुपोषण. एवढ्या लांबीचा दोरा कापून त्याचं कडं करून बघा, जेमतेम साडेतीन-पावणेचार सेंटीमीटर रुंद होतं. त्यात एका जिवंत पोराचा अख्खा दंड मावतो. मी करून बघितलं आणि बराच वेळ तो दोरा हातातून खाली ठेववला नाही.

लाल पट्टीतल्या मुलांसाठी 1996 मधे फ्रान्समधे आंद्रे ब्रिआँ आणि मिशेल लेस्कान यांनी शेंगदाण्याची पेस्ट तयार केली, 92 ग्रॅमच्या पाकिटात 500 कॅलरी, पाणी मिसळायला नको, शिजवायला नको, आईने पाकिट फाडायचं आणि भरवायचं. तिने लाखो मुलं वाचवली. पण डॉक्टरांना एक गोष्ट खूप वर्षं छळत होती. पोर वाचतं, वजन भरतं, घरी जातं, पण उंचीने मागेच राहतं, आणि बरीच मुलं पुन्हा आजारी पडून परत येतात. पोटभर खायला दिलं तरी काहीतरी दुरुस्त व्हायचं राहून जातंय हे दिसत होतं, पण काय ते सापडत नव्हतं.

ते शोधायला ढाक्यातल्या मीरपूर वस्तीत जावं लागतं. ढाक्यात आयसीडीडीआरबी ही आरोग्य संशोधन संस्था आहे, 1960 च्या दशकात ओआरएसची चाचणी करणाऱ्यांमधली हीच, आपल्या घराघरातल्या त्या साखर-मिठाच्या पाण्यामागे या लोकांचेही कष्ट आहेत. तिथले डॉ. तहमीद अहमद आणि अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले जेफ्री गॉर्डन यांनी मिळून एक साधं वाटणारं काम केलं: मीरपूरमधल्या 50 निरोगी बाळांची शी दर महिन्याला गोळा केली, जन्मापासून दोन वर्षांपर्यंत. त्यात कोणते बॅक्टेरिया कधी येतात, कधी वाढतात, कधी मागे पडतात ते बघितलं, आणि लक्षात आलं की याचा एक ठरलेला क्रम आहे. दात येतात, मग पोर चालायला लागतं, तसंच. अंगावरचं दूध चालू असतं तेव्हा दुधावर जगणारे बॅक्टेरिया भरपूर, मग वरचं खाणं सुरू झालं की डाळी, भाज्या, फळं पचवणारे हळूहळू जम बसवतात. 24 प्रकारचे बॅक्टेरिया बघून पोर साधारण किती महिन्यांचं आहे ते सांगता यायला लागलं. मग याच मापाने सॅममधल्या मुलांचे बॅक्टेरिया तपासले तर ते पोराच्या खऱ्या वयापेक्षा लहान निघाले. पोर वाढलं पण पोटातली वस्ती मागेच थांबली. उपचाराच्या खाण्याने ती थोडी पुढे सरकायची आणि खाणं बंद झालं की परत मागे. 2014 मधे हे प्रसिद्ध झालं.

आता कोणीही विचारेल की कुपोषणामुळे बॅक्टेरिया मागे पडले, का बॅक्टेरिया मागे पडल्यामुळे पोर वाढत नाही? हाच खरा प्रश्न आहे. याचं उत्तर उंदरांनी दिलं. प्लॅस्टिकच्या बंद पेटीत असे उंदीर वाढवतात ज्यांच्या पोटात जन्मापासून एकही बॅक्टेरिया नसतो. काहींना आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या निरोगी मुलांचे बॅक्टेरिया दिले, काहींना तिथल्याच वाढ खुंटलेल्या मुलांचे, खाणं सगळ्यांना तेच, मलावीच्या घरात मिळतं तसं. दुसऱ्या गटातले उंदीर कमी वाढले, हाडंसुद्धा मागे पडली. म्हणजे बॅक्टेरियांचा हात आहेच. पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो: दोन्ही गटांचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे निरोगी गटातले बॅक्टेरिया दुसऱ्यांच्या पोटात गेले, तिथे टिकले, आणि ते उंदीरही नीट वाढायला लागले.

मुलांना कोणी असं काही देणार नाही, त्यामुळे शास्त्रज्ञांनी उलटा रस्ता धरला. चांगले बॅक्टेरिया बाहेरून घालण्याऐवजी जे थोडेफार आत आहेत त्यांनाच जेवायला घालायचं. बांगलादेशातल्या आया मुलांना जे खाऊ घालतात त्यातलं काय या बॅक्टेरियांना लागू पडतं ते आधी उंदरांवर आणि डुकराच्या पिल्लांवर तपासलं, मग 60-एक मुलांवर महिनाभर. त्यातून जे निवडलं त्याचं नाव रुक्ष आहे, एमडीसीएफ-2, पण आत काय आहे बघा: हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि कच्चं केळं, वर थोडी साखर, तेल, आणि जीवनसत्त्वं-खनिजं. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात बेसन आणि शेंगदाण्याचा कूट शेजारी शेजारी असतो, आणि कच्च्या केळ्याची भाजी कोकणात आजही होते.

खरी चाचणी मीरपूरमधे झाली, 12 ते 18 महिन्यांची, मॅममधली 123 मुलं. अर्ध्यांना एमडीसीएफ-2, अर्ध्यांना नेहमीचं पूरक खाणं ज्यात तांदूळ, मसूर, दूध पावडर होती. दिवसातून दोनदा, तीन महिने. आणि नीट वाचा, नेहमीच्या खाण्यात कॅलरी जास्त होत्या. तरी उंचीच्या मानाने वजन ज्या मापाने मोजतात ते बॅक्टेरियांच्या खाण्यावरच्या मुलांमधे दुपटीच्या आसपास वेगाने सुधारलं. रक्तातली जवळपास 5000 प्रथिनं मोजली, त्यात हाडांच्या वाढीशी आणि मेंदूच्या जडणघडणीशी जोडलेली काही वाढली, सूज दाखवणारी काही कमी झाली. हा निकाल 2021 चा.

हे होतं कसं? आपण जे खातो त्यातलं बरंच काही साखरेच्या लांब साखळ्यांचं बनलेलं असतं, त्या साखळ्यांना ग्लायकन म्हणतात, आणि त्यातल्या अनेक साखळ्या तोडायची कात्री माणसाच्या शरीरात नसतेच. ती प्रिव्होटेला कोप्रीसारख्या बॅक्टेरियांकडे असते. हरभरा, शेंगदाणा, केळं यांच्या साखळ्या लहान आतड्यात न पचता खाली जातात, तिथे हे बॅक्टेरिया त्या तोडून खातात, वाढतात, आणि त्यातून जे पदार्थ बाहेर टाकतात ते पोराच्या शरीराला मिळतात. पुढच्या अभ्यासात दिसलं की ज्या मुलांमधे या बॅक्टेरियाच्या ठराविक जाती होत्या आणि त्यांनी या साखळ्या खाल्ल्या, वजन त्यांचंच चांगलं सुधारलं. कच्चंच केळं का, तर पिकल्यावर त्यातल्या न पचणाऱ्या स्टार्चची साखर होते आणि ती वरच्या वरच शोषली जाते, खाली बॅक्टेरियांच्या वाट्याला फार काही उरत नाही. गंमत म्हणजे ढाक्यात 2001 मधेच शिजवलेलं कच्चं केळं भातात घालून दिल्यावर लांबलेली जुलाबं लवकर थांबलेली दिसली होती, तेव्हा बॅक्टेरियांची ही सगळी गोष्ट अजून उलगडायची होती.

एक गोष्ट कळकळीने सांगते. हे वाचून कोणी लाल पट्टीतल्या बाळाला घरी बेसन आणि केळं भरवत बसू नका. ही चाचणी मॅमवर झाली, सॅमचं बाळ ताबडतोब दवाखान्यात किंवा एनआरसीत, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात, न्यायचं, त्यात दिवस घालवायचा नाही. पीठ आणि केळं किती घ्यायचं, कसं शिजवायचं, जीवनसत्त्वं किती, हे मोजून ठरवलेलं आहे, आणि तान्ह्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत आईचंच दूध. शिवाय 123 मुलं, एकच वस्ती. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या पोराच्या पोटात तेच बॅक्टेरिया असतील असं धरून चालता येत नाही, ते इथे तपासायलाच हवं, आणि लवकर.

मीरपूरची ती मुलं नंतर दोन वर्षं बघितली गेली. खाणं तीन महिन्यांतच थांबलं होतं. जी उंची उपचारांनी सहसा हलत नाही तीच एमडीसीएफ-2 वरच्या मुलांमधे दुसऱ्या गटापेक्षा जास्त वेगाने वाढत राहिली.