टाय रॉड एंड घेताना उलटा आटा आणि सुलटा आटा यातला फरक

नाशकात जुनी पद्मिनी नाहीतर महिंद्राची जुनी जीप उभी करायला घेतलेली बरीच मंडळी आहेत, आणि स्टिअरिंगचं काम निघालं की काउंटरवर जाऊन सरळ म्हणतात, टाय रॉड एंडचे, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या रॉडच्या टोकाच्या बॉलवाल्या सांध्याचे, दोन नग द्या. तसं मागू नका. एक उलट्या आट्याचा (डावीकडे फिरवला की आवळणारा) आणि एक सुलट्या आट्याचा (नेहमीच्या स्क्रूसारखा उजवीकडे आवळणारा) असं मागा, कारण दोन्ही दिसायला सेम, तोच बॉल तेच रबर, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

उलटा आटा मुद्दाम दिलेला असतो. टाय रॉडच्या पाईपच्या एका टोकाला उलटे आटे आणि दुसऱ्या टोकाला सुलटे असले की पाईप फिरवला की दोन्ही एंड एकदम आत जातात किंवा एकदम बाहेर येतात, रॉडची लांबी बदलते आणि बॉल न सोडता टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत वळलेली असण्याचं माप, सेट होतं. दोन्हीकडे सुलटेच असते तर एक जेवढा आत तेवढा दुसरा बाहेर, लांबी तीच. अँबेसिडरला रॅक (स्टिअरिंगने आडवी सरकणारी दात्यांची पट्टी) आहे, तिथे रॉड आतल्या बॉलवर स्वतःच फिरतो म्हणून रॅकवाल्या गाडीत सहसा दोन्हीकडे सुलटेच आटे असतात.

ओळखायचं कसं तर एंडचा आट्याचा भाग उभा धरा, समोरून बघा, रेघा उजवीकडे चढत असतील तर सुलटा, डावीकडे चढत असतील तर उलटा. बॉक्सवर नुसतं 'एलएच' लिहिलेलं असेल तर त्यावर अजिबात जाऊ नका, ते डाव्या बाजूचं असू शकतं नाहीतर डाव्या म्हणजे उलट्या आट्याचं, आणि इतक्या वर्षांत कोणीतरी पाईप उलटा फिरवून बसवलेला असेल तर कुठल्या बाजूला कुठला आटा हे पुस्तकातही सापडणार नाही, आपल्याच गाडीचा जुना एंड खोलून दुकानात घेऊन जायचा.

आता खरा धोका. पद्मिनीसारख्या फियाटच्या घराण्यातल्या गाड्यांना मिलिमीटरचे आटे, विलिस जीपला (महिंद्राची जुनी जीप त्याच घराण्यातली) इंचाचे. १४ मिलिमीटर दीड पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर) एंड आणि ९/१६ इंच, इंचाला १८ आट्यांचा एंड शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही, कारण ९/१६ म्हणजे १४.२९ मिलिमीटर आणि पिच १.४१. चुकीचा एंड थोडे आटे आत जातो, मग अडकतो, आणि मग पाना लावून ओढला जातो. पिच गेज, म्हणजे आट्यांचं अंतर मोजायची दातेरी पट्टी, लावूनच बघा. आणि कोणी म्हणालं की अंबड एमआयडीसीत लेथवर नेऊन पाईपचे आटे बदलून आणतो तर साफ नाही म्हणा, जुने आटे खरवडून नवे पाडले की पकड उरत नाही आणि हा पार्ट तुटला तर कसारा घाटात स्टिअरिंगचं चाक नुसतं हातात राहतं, दिशा नाही.

आटे जुळले तरी बॉलच्या दांड्याचा टेपर, म्हणजे निमुळतेपणा, बघायचा राहतो. दांड्यावर मार्करने रंग फासा, तो ज्या स्टिअरिंग आर्मच्या भोकात बसतो त्यात दाबून थोडा फिरवा, रंग सगळीकडून घासला गेला पाहिजे. फक्त एका कडेला गोल रेघ उमटली तर टेपर वेगळाय, नग परत करा, नट कितीही आवळला तरी तो सैल होणारच. नट सुटू नये म्हणून घालायच्या स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचेशी जुळत नसेल तर नट सैल करून जुळवू नका, पुढच्या खाचेपर्यंत अजून आवळा.

बसवल्यावर दोन्ही एंडचे आटे पाईपमध्ये साधारण सारखे गेलेत ना बघा, पाईपवरचा क्लॅम्प आवळा आणि त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल्ले जातात.